गॅरीच्या बाजूनं हसलेल्या दोस्तांना

तुम्ही हसलात. लिंबाच्या सीनला तर सगळ्यात जास्त. आठ-नऊ टाळकी, एक लॅपटॉप, डोक्यावर घरघरणारा पंखा, आणि झाडून सगळे गॅरीच्या बाजूचे. बाई कटकटी आहे, डोकं खाते, बिचारा दमून आलाय. मग पिक्चर संपल्यावर तुमच्यातलाच एक शहाणा बोलला, हे गोऱ्यांचे चोचले, आपला काय संबंध? अरे, संबंध नव्हता तर इतका वेळ पोट धरून कशाला हसत होता?

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ‘द ब्रेक-अप’, २००६ सालचा, दिग्दर्शक पेटन रीड. शहर शिकागो. गॅरी म्हणजे विन्स वॉन, भावांबरोबर टुरिस्ट बसचा धंदा, बसवर उभं राहून लोकांना शहर दाखवतो. ब्रूक म्हणजे जेनिफर ॲनिस्टन, आर्ट गॅलरीत नोकरी. फ्लॅट दोघांनी मिळून घेतलेला. दोन्हीकडची माणसं जेवायला येणार. ब्रूक रांधते, घर आवरते. गॅरीला १२ लिंबं सांगितलेली, त्यानं ३ आणली. पाहुणे गेल्यावर भांड्यांचा ढीग. ती म्हणते, चल, घासू. त्याला व्हिडिओ गेम खेळायचाय. शेवटी कुरकुरत तयार होतो तर ती म्हणते, तुला घासावीशी वाटली पाहिजेत. तो म्हणतो, भांडी घासावीशी कुणाला वाटतील?

इथं तुम्ही एकमेकांना टाळ्या दिल्यात. आणि इथंच पिक्चरवाल्यांनी तुम्हाला गंडवलं.

ब्रूकचं गाऱ्हाणं कामाचं होतं. दोघं कमावतात, घरचं मात्र एकटीच्या बोकांडी. पिक्चरनं ते कामावरून अलगद उचललं आणि मनावर नेऊन ठेवलं. झाला प्रेमाचा मामला, आता खुशाल हसा. गोदीत आम्हाला कुणी विचारत नाही की बाबा, तुला उचलावंसं वाटतं का? चौघांच्या गँगमधून एकानं हात काढला तर वजन कमी होत नाही, ते उरलेल्या तिघांच्या मानेवर येतं. असल्या माणसाला आम्ही काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे, इथं छापता येणार नाही. तेच घरात केलं की तो साधाभोळा गॅरी होतो.

पुढं पिक्चर चालतो तो फ्लॅटवर. दोघंही घर सोडत नाहीत. ती बेडरूममध्ये, हा हॉलमधल्या सोफ्यावर. हा हॉलमध्ये पूल टेबल आणून ठेवतो, ती ह्याला जळवायला दुसऱ्या बाप्यांबरोबर फिरते. शेवटी फ्लॅट विकायला निघतो. एक मान्य करतो, शेवटाला पिक्चर लाचार झाला नाही. गॅरी घर चकाचक करतो, जेवण बनवतो, तरी ती परत फिरत नाही. असले पिक्चर गळ्यात गळे घालून संपतात, हा तसा संपत नाही.

पण वेगळं व्हायलासुद्धा घर लागतं. माझी ताई सासरहून निघाली तेव्हा हातात एक पिशवी आणि एक पोरगी. ज्या दहा बाय बाराच्या खोलीतून निघाली तिच्या पागडीसाठी हिनं कानातलं मोडलेलं, पावती नवऱ्याच्या नावावर. भांडण तेच होतं. कामावरून यायची, मग पुन्हा चूल, पुन्हा मोरी, आणि तो खाटेवर पाय पसरून. पण तिच्यावर कॉमेडी निघणार नाही. कॉमेडीला दुसरी खोली लागते. आता आमच्याकडं सहा माणसं झालीत आणि ताई सातवी असल्यासारखी कोपऱ्यात अंग चोरून झोपते.

आणि शिकागो. गॅरीची बस ज्या शहरात फिरते त्याच शहरात, पश्चिम मन्रो स्ट्रीटवर, आणखी एका फ्लॅटमध्ये आणखी एक जोडपं झोपलं होतं. ४ डिसेंबर १९६९, पहाटे पावणेपाच. फ्रेड हॅम्प्टन, इलिनॉयच्या ब्लॅक पँथरांचा चेअरमन, वय २१. शेजारी त्याची होणारी बायको, दिवस भरत आलेली. पोलिसांनी ८० च्या वर गोळ्या झाडल्या, आतून सुटली ती एक. हॅम्प्टन अंथरुणातच मारला गेला, बरोबर मार्क क्लार्क, वय २२. पलंग कुठं आहे तेसुद्धा दाखवलेला फ्लॅटचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्यानं काढून दिला होता. एका फ्लॅटमध्ये कुठली खोली कुणाची म्हणून भांडण, दुसऱ्याचा नकाशा गोळी घालायला.

हे कॉमेडीनं दाखवावं असं माझं म्हणणं नाही. मला आठवलं ते वेगळ्यासाठी. हॅम्प्टनच्या पोरांनी शिकागोत गरीब लेकरांना सकाळचा नाश्ता फुकट खाऊ घातला. पँथर बाप्ये हातात ताटं घेऊन वाढत होते, त्याचे फोटो आहेत, बघा. १९७२ ला आपल्या मागच्यांनी त्यांचं नाव घेतलं. नावाबरोबर आपण बंदूक उचलली, तीपण कवितेत. ताट तिथंच राहिलं.

मी आपली बाजू चोखळ दाखवत नाही. शोषणावर माझ्या तीन कविता ह्याच अंकवाल्यांनी छापल्यात. तिन्ही लिहिल्या तेव्हा चहा ताईनं आणून दिला, कप तिनंच उचलला, आणि दुपारी ती परत दुसऱ्यांची भांडी घासायला गेली. त्या दिवशी लिंबाच्या सीनला मीपण हसलो होतो. माझ्या मागं दारात उभी राहून ती बघत होती. ती हसली नाही. तुमचे नऊ कप उचलून आत गेली.

पुढची मीटिंग माझ्याकडं आहे. ताई त्या दिवशी घरी नसेल, मीच सांगितलंय तिला. पाणी साडेपाचला येतं, सातला जातं. सगळ्यांनी साडेपाचलाच या.