अरण्यातील सायकल

सायकल हे आपल्याकडे श्रमिकाचे वाहन. तिला कोठे मज्जाव झाला, तर समाजवाद्याची सहानुभूती सायकलस्वाराकडे जाणे स्वाभाविकच होय. परंतु कॅलिफोर्नियातील एका वादात ती क्षणभर आवरून धरणे इष्ट ठरेल.

तेथे पाम स्प्रिंग्जच्या वाळवंटालगत सान हासिंतो पर्वत सुमारे ३,३०० मीटर उंचीवर जातो. पायथ्याशी निवडुंग, वर सूचिपर्णी वने. या उंचावरील राष्ट्रीय वनभूमीचा काही भाग १९६४ च्या अरण्य-संरक्षण कायद्याखाली येतो. या कायद्याने मोटारीबरोबर अन्य यांत्रिक वाहतूकही निषिद्ध केली. पुढे वनखात्याच्या नियमांत सायकलचा स्पष्ट उल्लेख आला. अपंगांच्या चाकांच्या खुर्चीस मात्र मुभा आहे.

डोंगरी सायकलस्वार विचारतात, घोड्यांना वाट मोकळी, मग स्वतःच्या बळावर चालणाऱ्या आम्हांलाच बंदी का? हा युक्तिवाद पोकळ नाही. टापांनीही वाट झिजतेच. पण प्रश्न केवळ मातीच्या झिजेचा नाही. वेग वाढला की अरण्य आकसते, आणि पायी चालणाऱ्याला बाजूला सरावे लागते. शिवाय बंदी वाहनाला आहे, माणसाला नाही. वाहन खाली ठेवून कोणीही वर जाऊ शकतो.

२०१६ साली सेनेटर माइक ली यांनी ही बंदी सैल करणारे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. २०१७ साली आलेल्या अशाच दुसऱ्या विधेयकास सायकलस्वारांच्या एका प्रमुख संघटनेनेच पाठिंबा नाकारला, हे तिला भूषणावहच होय. याच ली यांनी २०२५ साली लक्षावधी एकर सार्वजनिक जमीन विकण्याची तरतूद पुढे आणली. त्यातून संरक्षित अरण्ये वगळलेली होती, आणि विरोधापुढे ती तरतूदही मागे घ्यावी लागली. तरीही कार्यकर्त्यांनी यातला धडा ओळखावा. सार्वजनिक मालमत्तेवरील एकेक निर्बंध स्वातंत्र्याच्या नावाने सैल होऊ लागला, की त्या वाटेने बाजारही आत येऊ पाहतो.

एक गोष्ट मात्र संरक्षणवाद्यांनीही विसरू नये. या पर्वताच्या कुशीत काहुइया लोक शतकानुशतके राहत आले आहेत. त्यांना वगळून या भूमीला ‘निर्मनुष्य’ म्हणणे हा इतिहासावर अन्याय होईल. अरण्य सर्वांचे म्हणायचे, तर त्याविषयीच्या निर्णयात त्यांचा शब्द प्रथम ऐकला पाहिजे. आणि तेथील संयम धनिकाला व गरिबाला सारखाच बंधनकारक असला पाहिजे.