सातबारा नसलेल्यांचं बियाणं



गोदीत खताची पोती उतरवता उतरवता एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. पालाश खत आपल्या देशात जवळजवळ सगळंच बाहेरून येतं. पोतं थांबलं की सुधारित वाण मान टाकतं. कारण त्याची निवडच झाली भरपूर खत, भरपूर पाणी पाजलेल्या तुकड्यावर. बुटकं आणि लाडावलेलं. खत काढून घ्या, तण त्याच्या डोक्यावर चढतं.

गावरान वाणाचं तसं नाही. मूठभर गावरान बाजरीत कितीतरी तऱ्हा असतात. कुणी लवकर निसवतं, कुणी उशिरा. कुणाचं मूळ खोल, कुणी उंच वाढून तण दाबतं. रासायनिक खत न घातलेल्या सेंद्रिय रानात पावसानं दडी मारली, कीड पडली, की ज्यांना झेपतं तीच कणसं भरतात. त्यातूनच पुढच्या सालचं बियाणं निघतं. असं दहा-वीस सालं चाललं की वाण त्या रानाचं होतं. बाजरीत एका ताटाचा पराग दुसऱ्यावर पडतो, म्हणून नवे मेळ भराभर जमतात. भात बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतो, तिथं चाल धीमी. दाणा काही शिकत नाही. जो तगला नाही त्याचा वंश बुडतो. आणि तगलेल्यातून निवडणारा हात माणसाचा असतो.

तो हात कुणाचा? आमचं भांडण इथंच आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. दलित, तिसरी शिकलेले, जमीन दीड एकर. १९८३ साली भातात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, साल दर साल पेरल्या, निवडल्या. वाण उभं राहिलं. नाव दिलं घड्याळावरून, एचएमटी. १९९८ साली कृषी विद्यापीठानं त्याच नावापुढे स्वतःची अक्षरं जोडून वाण बाजारात आणलं. दादाजी २०१८ साली गेले. त्यांच्या भातानं कित्येकांची घरं भरली, त्यांचं नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. आदिवासी, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. गावरान वाणं राखली म्हणून २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. चांगलंच झालं. पण खळ्यावर दुसऱ्याचं बियाणं निवडता निवडता ज्यांची हयात गेली, त्या आमच्या आयाबायांची नोंद कुठल्या वहीत आहे?

२००१ चा वाण-संरक्षण कायदा शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, बदलायचा हक्क देतो. पण वाण नोंदवायचं तर ते वेगळं, एकसारखं आणि स्थिर पाहिजे. शेतकऱ्याच्या वाणाला थोडी सूट. कसोटी मात्र तीच. अरे, ज्याचं जगणंच सरमिसळीवर आणि बदलावर, त्याच्याकडे शुद्धतेचा दाखला मागता? ही शुद्धतेची भाषा आम्ही चांगली ओळखतो.

दुसरीकडे पांढरपेशे त्याच दाण्याला काचेच्या दुकानात मांडतात. वर पाटी, 'ऋषीमुनींचा वारसा'. कुठले ऋषी? त्या दाण्यातली खडे-माती आमच्या बायांनी पाखडली.

काही म्हणतात, काळजी कशाला, बीजपेढीत ठेवलंय ना. ठेवा. पण थंड कपाटात बियाणं ठेवल्या दिवशी होतं तसंच राहतं. बाहेर पाऊस बदलतो, कीड बदलते. त्यांच्याबरोबर बदलायला बियाण्याला रान लागतं. आणि रान कुणाकडे आहे?

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले ते याच सवालासाठी. भूमिहीनाला साधं बियाणंही राखता येत नाही. राखेत ठेवलेला दाणा पुढच्या मृगात पेरायचा कुठं?

म्हणून पोरांनो, सुट्टीत गावी जाल तेव्हा आईला, मावशीला विचारा. कोणतं वाण, कुठल्या रानात, किती सालं निवडलं. नावानिशी लिहून आणा, आपण छापू. आणि येताना तलाठ्याकडे जा. आपली माणसं कसतात त्या गायरानाच्या सातबारावर नाव कुणाचं, तेही विचारून या.

आधी रान. मग बियाणं.