कार्बोरेटरवर आळ

माझा ट्रॅक्टर बंद पडला आहे, हे मी हल्ली कोणाला सांगत नाही. माणसाचं पोट बिघडलं तर लोक निदान विचारतात, "काल काय खाल्लं होतंत?" ट्रॅक्टर बिघडला तर कोणी काही म्हणजे काही विचारत नाही. कधी बंद पडला, कसा बंद पडला, बंद पडण्यापूर्वी खोकला का, धूर सोडला का, कशाचीही चौकशी नाही. सगळे एका सुरात निकाल देतात, "कार्बोरेटर! काढून टाका आणि नवा बसवा!"

ट्रॅक्टर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारं आणि तीन गावांना ऐकू जातील अशी गाणी लावणारं धूड आलं असेल. माझा तसला नाही. मी राहतो अमेरिकेत, ओहायो राज्यात. इकडे घराभोवतीचं गवत कापायला, भाजीचा वाफा नांगरायला आणि हिवाळ्यात दारातलं बर्फ ढकलायला एक लहानसा ट्रॅक्टर वापरतात. त्याला गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. एक सिलिंडर, सात ते चौदा-पंधरा अश्वशक्ती, आणि उंची म्हशीच्या रेडकाएवढी. या जातीची भरभराट झाली ती १९६० नंतर. इंडियानातल्या साऊथ बेंडचा व्हील हॉर्स आधीपासून होताच. मग १९६१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेट आणला आणि १९६३ मध्ये जॉन डीअरने ११०. त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात कोहलरचं बिडाचं इंजिन असे. हो, तेच कोहलर! नळ आणि कमोडवाले! विस्कॉन्सिनमधल्या या घराण्याने माणसाच्या सकाळची सोय केली, तशी शनिवारच्या दुपारचीही केली.

१९६९ मध्ये तर जॉन डीअरने हिरवा रंग क्षणभर बाजूला ठेवून पांढऱ्या अंगाचे आणि पिवळ्या, लाल, नारिंगी किंवा निळ्या बॉनेटचे ट्रॅक्टर काढले. बॉनेटच्या रंगाचीच सीट! मॅचिंग ब्लाउजपीस द्यावा तसं. १९७१ नंतर तो प्रकार बंद झाला. गिऱ्हाइकांना हिरवाच हवा होता.

माझा ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा, ते सांगत नाही. आमच्या गल्लीत धर्मावरून भांडणं होत नाहीत, पण लाल चांगला की हिरवा यावरून दोन शेजाऱ्यांनी एकमेकांचं बार्बेक्यू टाकलेलं मी पाहिलं आहे. एवढंच सांगतो, की तो पन्नाशी कधीच ओलांडून गेला आहे आणि मी घर घेतलं तेव्हा शेडमध्ये आयता मिळाला. जुन्या वाड्याबरोबर भाडेकरू मिळावा तसा.

तर गेल्या मे महिन्यातली गोष्ट. गवत गुडघ्याकडे निघालेलं. ट्रॅक्टर पहिल्या फटक्याला सुरू झाला, वीस मिनिटं शहाण्यासारखा चालला आणि अंगणाच्या मधोमध आचके देत थांबला. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू झाला, पुन्हा वीस मिनिटांनी थांबला. अंगण अर्धवट हजामत केलेल्या डोक्यासारखं दिसू लागलं. उजवीकडचे शेजारी कुंपणावरूनच म्हणाले, "कार्बोरेटर!" मंडळातले एक स्नेही (हे संगणकातले, आयुष्यात त्यांनी पान्हा फक्त आयकॉन म्हणून पाहिलेला) फोनवरून म्हणाले, "कार्बोरेटर!" जावयाने तर मी बोलत असतानाच नवा कार्बोरेटर मागवला. दोन दिवसांत तो दारात हजर. किंमत वीस-पंचवीस डॉलर.

मी बसवला. इथे माझा अपराध मी कबूल करतो. जुना कार्बोरेटर बिडाचा, वजनदार आणि निर्दोष होता. नवा खेळण्यासारखा हलका. त्याचं भोक एका बाजूला, माझ्या चोकची तार दुसऱ्या बाजूला. दुपारभर वाकवावाकवी केली. ट्रॅक्टर सुरू झाला. वीस मिनिटं चालला. आणि अंगणाच्या मधोमध, त्याच जागी, थांबला.

ही ओट्यावरून खिडकीतून पाहत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, झाकणाचं भोक बघितलंत का?"

"कसलं भोक?"

"पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला काही भोकबिक असेल ना? कुकरच्या शिट्टीत शीत अडकलं की कसं होतं? वाट बंद झाली की सगळंच अडतं."

मी हसलो. नवरे अशा वेळी हसतात तसा. मग तिच्यासमोर, तिचं चुकलंय हे दाखवण्यासाठी म्हणून, झाकण फिरवलं. फुस्स! टाकीने इतका दीर्घ श्वास घेतला की मी दोन पावलं मागे सरलो. झाकणाला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्यातून हवा आत जाते. ते धुळीने आणि गवताच्या भुग्याने गच्च बसलं होतं. हवा नाही म्हणून टाकीत पोकळी, पोकळी म्हणून पेट्रोल अडलेलं. अर्धा तास थांबलं की कुठूनशी थोडी हवा शिरायची, की आणखी वीस मिनिटांची बेगमी. टाचणीने भोक मोकळं केलं. खर्च शून्य. ही आत गेली, काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

आता मला सांगा, यात कार्बोरेटरचा काय दोष? पण घरात काहीही बिनसलं की नव्या सुनेकडे पाहायची जशी आपल्याकडे जुनी खोड होती, तशी इकडे कार्बोरेटरकडे पाहायची आहे. आणि ज्यांना ही खोड आहे, ते स्वतःला यंत्रातले जाणकार म्हणवतात! यांना मी मेकॅनिक मानत नाही. हे गिऱ्हाईक आहेत. यंत्र बंद पडलं की यांचा हात पान्ह्याकडे जात नाही, खिशाकडे जातो. आधी कार्बोरेटर, मग कॉइल, मग सोलेनॉइड, मग बॅटरी. चार पार्सलं झाल्यावर केव्हातरी ट्रॅक्टर सुरू होतो आणि हे म्हणतात, "दुरुस्त केला." काय बिघडलं होतं ते यांना शेवटपर्यंत कळत नाही.

आमच्या पिढीचं तंत्रशिक्षण पुण्याच्या रस्त्यावर, स्कूटरवर झालं. स्कूटर बंद पडली की आधी ती आडवी करायची, मग देवाचं नाव घ्यायचं, मग कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे ढकलत न्यायची. तो पोरगेला मेकॅनिक शाळा चौथीत सोडलेला असायचा, पण पहिल्यांदा काय करायचा? प्लग काढून बघायचा. ओला की कोरडा? ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. मग प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून किक मारायचा आणि ठिणगी बघायचा. दोन मिनिटांत अर्धं जग बाद! कोरड्या प्लगवर तो कधी ठिणगीच्या मागे लागला नाही. माझ्या ट्रॅक्टरचा प्लग त्या दिवशी खडखडीत कोरडा असणार. मी पाहिलाच नाही. पार्सलची वाट पाहत होतो.

ओला निघाला तरी घाबरायचं कारण नाही. त्या कोहलर इंजिनांचे पॉइंट्स बाहेरच, एका छोट्या झाकणाखाली असतात. दोन स्क्रू काढले की समोर. पॉइंट्सवर काळपट थर असेल तर पुसा, फट इंचाच्या वीस हजारांशाएवढी ठेवा, म्हणजे बहुतेक वेळा मिटतं. नाहीच मिटलं तर अर्थची तार पाहा. गंजलेल्या पत्र्यावर कसलेल्या त्या एका बोल्टवर सगळी वीज परत येते. तिथे अर्थ नीट लागला नाही की पुढे अनर्थ व्हायचाच.

कार्बोरेटर कधीच गुन्हेगार नसतो, असं माझं म्हणणं नाही. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. (आता तुमच्याकडे वीस झालं आहे, तेव्हा हसू नका.) ते पाणी ओढून घेतं. ऑक्टोबरात टाकी तशीच भरलेली ठेवून ट्रॅक्टर झोपवला की एप्रिलमध्ये वाटीच्या तळाशी चिक्कीचा पाक सापडतो. पण तो दोष कार्बोरेटरचा की ऑक्टोबरात टाकी रिकामी न करणाऱ्या धन्याचा? वाटी खोला, धुवा, जेट फवाऱ्याने साफ करा, नवं गॅस्केट घाला, झालं. ज्या मालकाने त्याला विष पाजलं, तोच वर त्याला घराबाहेर काढतो!

उलट्या टोकाचे लोकही आहेत. ते ट्रॅक्टरचा नट न् नट सुटा करतात, वाळूच्या फवाऱ्याने घासतात, रंग देतात, आणि मग गवतात घालत नाहीत, कारण ओरखडा पडेल. गवत कापायला त्यांच्याकडे दुसरा ट्रॅक्टर असतो. त्यांचं मी मनावर घेत नाही. निदान त्यांनी तो उघडून तरी पाहिलेला असतो.

आणि उघडता येणं ही आता थोडी गोष्ट राहिलेली नाही. आजच्या मोठ्या शेती ट्रॅक्टरांत संगणक असतो आणि त्याची किल्ली कंपनीकडे. शेतकऱ्याला स्वतःचं यंत्र स्वतः दुरुस्त करता यावं म्हणून कोलोराडो राज्याला २०२३ मध्ये कायदा करावा लागला. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने याच दुरुस्तीच्या अडवणुकीवरून जॉन डीअरवर खटला भरला. म्हणजे लाखो डॉलरचं यंत्र घेतलेला माणूस झाकण उघडण्याच्या हक्कासाठी विधिमंडळाच्या पायऱ्या चढतोय. आणि आम्ही? आमच्याकडे हा हक्क चार बोल्टांनी बांधलेला पडला आहे. कोणी अडवत नाही, किल्ली मागत नाही. आणि आम्ही पार्सल मागवतो!

मला हा राग का येतो, ते सांगतो. पलीकडच्या गल्लीत एक वृद्ध बाई राहतात. त्यांचे यजमान गेले आणि त्यांचा ट्रॅक्टर, माझ्याच पिढीचा, त्याच इंजिनाचा, एका वसंतात सुरू होईना. त्यांनी आम्हा तिघा-चौघांना बोलावलं. एकाने प्लगच्या भोकात कॉम्प्रेशनचा गेज लावला, काटा अगदी थोडा हलला, आणि तो डॉक्टरसारखा मान हलवून म्हणाला, "कॉम्प्रेशन गेलं. संपलं इंजिन." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मीही. ठिणगी कोणी पाहिली नाही. पुढच्या आठवड्यात भंगारवाला ट्रॅक्टर घेऊन गेला. तो ट्रकवर चढवताना बाई दारात उभ्या होत्या.

नंतर त्यांनी यजमानांचं इंजिनाचं पुस्तक मला आणून दिलं. तुमचंही इंजिन हेच ना, म्हणाल्या. ते मी हिवाळ्यात वाचलं. त्या इंजिनांत एक युक्ती आहे. सुरू करताना फिरवायला जड जाऊ नये म्हणून ती एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह किंचित उघडा धरते. वेग आला की आपोआप बाजूला होते. त्यामुळे गेजचा काटा कमीच दाखवणार, इंजिन ठणठणीत असलं तरी. फ्लायव्हील हाताने उलटं फिरवून पाहायचं. जोरात परत उसळलं तर कॉम्प्रेशन आहे. त्या पानाच्या समासात यजमानांनी पेन्सिलीने एक उभी रेघ मारून ठेवली होती.

परवा बाई बाजारात भेटल्या. "यंदा तुमचा चालतोय ना?" त्यांनी विचारलं.

"चालतोय," मी म्हणालो.

"नशीबवान आहात," त्या म्हणाल्या. "आमच्याचं कॉम्प्रेशनच गेलं होतं."

मी मान हलवली.