उतारा

आम्हां मराठीच्या मास्तरांना ‘उतारा’ म्हटले की प्रश्नपत्रिकाच आठवायची! पण परवा सूर्यमाळच्या एका वृद्ध शेतकऱ्याने मला निराळाच उतारा काढायला लावला. सातबाराचा! शासनाच्या संकेतस्थळावर १५ रुपये भरले की डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. रेंज शोधत आम्ही माळभर हिंडलो. अखेर एका आंब्याखाली तो मोबाइलमध्ये उतरला. विजयी मुद्रेने मी फोन पुढे केला. बाबा म्हणाले, “गुरुजी, वाचून दाखवा. माझं नाव हाय ना त्यात?”

होते! वीस वर्षे मी उतारे शिकवले; पण प्रश्न ऐकून माझीच छाती धडधडावी, असा उतारा हा पहिलाच. वाचकहो, कागद दारात आला खरा. तो वाचून दाखवणारा अजून यायचा आहे.