शेत बटईनं द्या, सातबारा देऊ नका

परवा बाजारपेठेतल्या एका कापड दुकानदार मित्राचा फोन आला. "अरे, जाहिरातीचं काम बघणारी पोरं वेबसाइटच्या अ‍ॅनालिटिक्सचा पासवर्ड मागतायत. देऊन टाकू का?"

मी म्हटलं, "गल्ल्याची किल्ली मागितली असती तर दिली असतीस?"

तो हसला. "गल्ल्यात पैसे असतात राव. इथं नुसते आकडे आहेत."

मित्रांनो, या 'नुसत्या आकड्यां'बद्दलच आज लिहायचंय. कारण हाच शहाणपणा चार वर्षांपूर्वी मी पण केला होता, आणि त्याची किंमत मोजली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गुगल अ‍ॅनालिटिक्स म्हणजे तुमच्या वेबसाइटचा रोजमेळ. किती लोक आले, कोणत्या शहरातून आले, मोबाइलवरून की कॉम्प्युटरवरून, कोणती जाहिरात बघून आले, कोणत्या पानावर थांबले आणि कुठून परत गेले, हे सगळं त्यात असतं. दुकानदाराला आपलं गिऱ्हाईक ओळखायला दहा वर्षं लागतात. ती ओळख इथं एका पानावर मांडलेली असते.

२०२१ मध्ये माझ्या छोट्या बातम्यांच्या पोर्टलचं काम एका एजन्सीला दिलं. ओळखीतलीच माणसं. पासवर्ड मागितला, मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. मग फोन, "दादा, ओटीपी आलाय तेवढा सांगा." तोही सांगितला. २०२३ मध्ये गुगलनं जुनं अ‍ॅनालिटिक्स बंद करून सगळ्यांना नव्यावर, जीए-४ वर, जायला लावलं. १ जुलै २०२३ पासून जुन्यात नोंदी होणंच थांबलं. एजन्सी म्हणाली, "आम्ही करून देतो." त्यांनी केलं, पण त्यांच्या स्वतःच्या अकाउंटमध्ये. मी विचारलंही नाही.

पुढच्या वर्षी आमचं फाटलं. मी आकडे मागितले, तर उत्तर आलं, "ती प्रॉपर्टी आमच्या अकाउंटची आहे." १ जुलै २०२४ नंतर गुगलनं जुने आकडे बघण्याची सोयही काढून घेतली. एक जाहिरातदार विचारायला आला, "तुमचे वाचक किती?" माझ्याकडे दाखवायला एजन्सीनं पाठवलेल्या चार रंगीत पीडीएफ होत्या.

पण खरी झोप उडाली ती नंतर. ज्या जीमेलचा पासवर्ड मी दिला होता, त्याच जीमेलवर लोक मला बातम्या पाठवतात. रेशनच्या तक्रारी, ग्रामपंचायतीचे कागद, नाव छापू नका म्हणून पाठवलेली पत्रं. माझ्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसांची नावं मी कुणाच्याही मोबाइलमध्ये उघडी ठेवली होती. काही वाईट झालं नाही, हे माझं नशीब. त्यात माझी अक्कल नव्हती.

आता कुणी म्हणेल, एजन्सीवर एवढा संशय घ्यायचा तर काम कशाला द्यायचं? हा प्रश्नच चुकीचा आहे. आपण शेत बटईनं देतो, तेव्हा बटईदार चोर असतो म्हणून सातबारा आपल्या नावावर ठेवतो का? तो आपल्याच नावावर असतो, म्हणून बटई सुखानं चालते. बटईदार बदलला तरी जमीन जात नाही. इथंही तेवढंच करायचंय.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. एजन्सीच्या कामाचं मोजमाप या आकड्यांवरच होतं. ते आकडे फक्त एजन्सीलाच दिसत असतील, तर कापूस त्याचा, काटाही त्याचाच. मग महिन्याच्या रिपोर्टमध्ये 'लाखो व्ह्यूज' लिहिलेले असतात आणि दुकानात माशा मारायची वेळ येते.

आणि पासवर्डची गरज नसतेच, हे जास्त चीड आणणारं आहे. सोय फुकट आहे, पाच मिनिटांची आहे. आपल्या अकाउंटमधून अ‍ॅडमिनमध्ये जा, 'प्रॉपर्टी अ‍ॅक्सेस मॅनेजमेंट' उघडा, अधिकाच्या खुणेवर दाबा आणि एजन्सीतल्या माणसाचा ईमेल टाका. तो स्वतःच्या लॉगिननं बघेल. तुमचा पासवर्ड तुमच्याकडेच राहील.

अधिकार किती द्यायचा, तेही ठरवता येतं. नुसते रिपोर्ट बघायचे असतील तर 'व्ह्यूअर'. रिपोर्ट तयार करून इतरांना दाखवायचे असतील तर 'अ‍ॅनालिस्ट'. जाहिरातीसाठी गिऱ्हाइकांचे गट पाडायचे असतील तर 'मार्केटर'. सेटिंग बदलायचं असेल तर 'एडिटर', तोही काम संपेपर्यंतच. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' मात्र कुणालाच नाही, कारण तो इतरांना आत घेऊ शकतो आणि तुम्हालाच बाहेर काढू शकतो. परवानगी अख्ख्या अकाउंटवर देऊ नका, नाहीतर त्याखालच्या तुमच्या सगळ्या साइट त्याला उघडतात. ज्या साइटचं काम, तिच्याच प्रॉपर्टीवर द्या.

ईमेल माणसागणिक घ्या. दहा जण वापरतात तो ऑफिसचा ईमेल नको, नाहीतर कोण आत आहे ते कधीच कळणार नाही. आपल्या बाजूनं भरवशाचे दोन अ‍ॅडमिन ठेवा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू ठेवा. दिवाळीला वहीपूजन करता ना? त्याच दिवशी ही यादी उघडा आणि जे गेले त्यांची नावं काढा. टॅग मॅनेजरमधला 'पब्लिश'चा अधिकार तर सहज देऊच नका. तो ज्याच्या हातात, तो तुमच्या साइटवर हवा तो कोड चढवू शकतो.

आता पतसंस्था, शाळा, दवाखाने आणि नगरपालिकेबद्दल. दुकानदार स्वतःचं नुकसान करून घेतो. तुम्ही लोकांचं करता. अ‍ॅनालिटिक्स माणसाचं नाव सांगत नाही, हे खरं. पण फॉर्म भरल्यावर मोबाइल नंबर वेबपत्त्यात दिसेल अशी साइट कुणी ढिसाळपणे बनवली, तर तो नंबर रिपोर्टात जाऊन बसतो. असं होऊ देणं गुगलच्याच नियमात बसत नाही. शिवाय २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. त्यात काम बाहेरच्या एजन्सीकडे दिलं म्हणून जबाबदारी सुटत नाही, ती संस्थेवरच राहते. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. "ते सगळं वेबसाइटवाला बघतो" हे उत्तर यापुढे चालणार नाही.

म्हणून संचालकांना आणि नगरसेवकांना माझा थेट प्रश्न आहे. संस्थेच्या वेबसाइटचं अ‍ॅनालिटिक्स कुणाच्या ईमेलवर आहे? संस्थेच्या, की सोडून गेलेल्या एखाद्या कंत्राटदाराच्या? कार्यादेशात मालकीचं एक तरी वाक्य आहे का? मी नगरपालिकेत माहितीच्या अधिकारात हेच विचारणार आहे. तुम्ही सभासद असलेल्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत तुम्ही विचारा. जेवणाच्या पंगतीआधी हात वर करा, एवढंच.

त्या मित्राला मी संध्याकाळी दुकानात बसून 'व्ह्यूअर'ची परवानगी द्यायला लावली. एजन्सीतला पोरगा फोनवर म्हणाला, "सर, एवढ्यानं पण काम होतं आमचं." होतं ना? मग पासवर्ड कशाला मागत होता, बाबा?