कूलर, घाम आणि गोठलेलं तळं

गेल्या शनिवारी घाटंजीहून भाच्याचा फोन आला. साहेब यंदा दहावीला आहेत. "मामा, पाण्याच्या असंगत आचरणाचं थंड प्रदेशातल्या जलचरांना महत्त्व काय, ते सांग ना." सांगितलं. पाणी ४ अंशाला सगळ्यात जड, बर्फ हलका, तो वर तरंगतो, खाली मासे जगतात वगैरे. पठ्ठ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्या वाघाडीवर कधी बर्फ जमते काय?"

आता काय बोलणार!

प्रश्न वाईट नाही, उलट सुंदर आहे. पण मे महिन्यात जिथे पारा ४४-४५ला टेकतो, तिथल्या पोराला पाण्याचा आणि जिवाचा संबंध गोठलेल्या तळ्यावरून शिकवणं मला काही पटत नाही. त्यात आणखी एक गंमत. विशिष्ट उष्मा, अप्रकट उष्मा, असंगत आचरण हे सगळं विज्ञान भाग १ मधे. झाडं, माणसं, जगणं-मरणं भाग २ मधे. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन मॉड्यूल्स आहेत आणि मधला इंटरफेस लिहायचा राहून गेलाय.

खरं म्हणजे तो इंटरफेस विदर्भात प्रत्येक घराच्या खिडकीत घरघरत असतो. कूलर! वाळ्याच्या ताटीवरून पाणी ओघळतं, वाऱ्याने त्याची वाफ होते, त्यासाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते. घाम नेमकं हेच करतो, फक्त उष्णता आपल्या अंगातली घेतो. १ ग्रॅम घाम वाळताना साधारण ५८० कॅलरी घेऊन जातो. म्हणजे १ लिटर घाम नीट वाळला तर ७० किलोच्या माणसाचं अंग जवळपास १० अंशांनी तापवेल एवढी उष्णता बाहेर गेली. हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी कॅल्क्युलेटर पुन्हा चालवून बघितला होता.

एवढी उष्णता का लागते? पाण्याचा रेणू खरं तर हलका, रेणुभार फक्त १८. हायड्रोजन सल्फाइडचा ३४, तरी ते उणे ६० अंशालाच उकळून वायू होतं. त्या हिशोबाने पाणीही वायूच असायला हवं होतं. पण पाण्याचे रेणू एकमेकांचे हात घट्ट धरून बसतात, तेच हायड्रोजन बंध. हात सोडवायची किंमत म्हणजे ती उष्णता. कपाशीच्या मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची धार न तुटता ओढली जाते, तीही याच हातांच्या जोरावर. एकच कारण, आणि आपण ते चार धड्यांत चार वेगळ्या व्याख्या म्हणून पाठ करतो.

भाच्याचा पुढचा प्रश्न जास्त चांगला होता. "मग जूनमधे कूलर लावला तरी चिकचिक काऊन होते?" कारण हवेत आधीच बाष्प भरलेलं असतं, पाणी वाळायला जागाच नाही. मुंबईत कूलर चालत नाही तो याचसाठी. आणि कूलर चालत नाही तेव्हा घामही चालत नाही.

हे फक्त मार्कांपुरतं नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. कारणं बरीच सांगितली गेली: औषधांची मिश्रणं, डोक्याला लागेल अशी वाढलेली कपाशी. पण एसीत बसून आपण काय म्हणालो? "सेफ्टी किट का घालत नाहीत हे लोक?" अहो, त्या दमट हवेत प्लास्टिकच्या आत घाम वाळेल कसा? तासाभरात जीव कासावीस होतो. तो माणूस किट काढून टाकतो तेव्हा अडाणीपणा करत नसतो, त्याच्या शरीराला ते ५८० कॅलरीचं गणित आपल्यापेक्षा चांगलं कळलेलं असतं. फवारणी पहाटे करायची की दुपारी, किट कशाचं असावं, हे प्रश्न जीवशास्त्राच्या तासाला का येऊ नयेत?

तेच "पाणी उत्तम द्रावक आहे" या वाक्याचं. आमच्या जिल्ह्यात कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात खडकातलं फ्लोराइड विरघळून येतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की आधी दातांवर डाग, मग वर्षानुवर्षांनी हाडं धरतात. "पाणी उकळून प्या" हा सल्ला जंतूंसाठी ठीक, पण उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं.

सिलॅबस आधीच फार आहे, हे मान्य. पण मी वाढवा म्हणतच नाहीये, उदाहरण बदला म्हणतोय.

असो. भाच्याला सांगितलं, परीक्षेत गोठलेलं तळंच लिही, मार्क त्याचेच आहेत. पण दोन थर्मामीटर घे, एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळ आणि दोन्ही पंख्यासमोर ठेव. दोघांतला फरक एकदा मेमधे लिहून ठेव आणि एकदा जूनच्या शेवटी.

"घरी एकच आहे मामा, तापाचा."

तो चालत नाही. येताना दोन घेऊन येतो म्हटलं.