‘नस्तर’ आणि ‘नस’ यांचं नातं नाही



‘नस कापतो तो नस्तर’ ही गेल्या अंकातल्या पत्रातली व्युत्पत्ती कानाला पटते, पण ती खरी नाही. हा शब्द फारसी ‘नेश्तर’वरून आला, त्यातला ‘नेश’ म्हणजे डंख, टोक. न्हाव्याच्या धोपटीतलं ते हत्यार गळवावरही चालायचं, तिथे नसेचा संबंध काय?

मी घाटकोपरला ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे. गळू फोडायचं असलं की डॉक्टर हात पुढे करून ‘अकरा नंबर’ एवढंच म्हणतात. त्या पात्याचं टोक सुईसारखं, धार सरळ. ते आधी टोचतं, मग चिरतं. विंचवाची नांगी आठवा, म्हणजे ‘नेश’ कळेल. लांब छेदाला मात्र गोलसर धारेचं दहा नंबर लागतं.

हत्यारांची संस्कृत नावंच शिकवायची असतील, तर सुश्रुताने २० शस्त्रं सांगितली आहेत; त्यांतलं व्रीहिमुख, म्हणजे भाताच्या दाण्यासारख्या तोंडाचं, शीर उघडायला वापरत. ती नावं जरूर शिकवावीत. पण त्यासाठी नस्तराला खोटं कूळ चिकटवू नये. आमच्याकडे आलेल्या एका आजींना ‘इन्सिजन’ समजलं नाही. ‘नस्तर मारायचं आहे’ म्हणताच त्यांनी पाय पुढे केला.

– एक परिचारिका, घाटकोपर